होयबाईचं अर्धं शिंग

शेळीच्या डोक्यावर डाव्या बाजूला काहीतरी उगवलंय, ही बातमी बायकोने सकाळी चहाच्या कपाबरोबरच दिली. त्यामुळे तो चहा गोड होता की बिनसाखरेचा, हे हेडक्लार्कांना शेवटपर्यंत कळलं नाही.

“काहीतरी म्हणजे काय?” त्यांनी विचारलं.

“शेळीच्या डोक्यावर काय उगवतं? कणीस उगवतं का? शिंग उगवलंय, अहो! उठा आणि बघा.”

हेडक्लार्क मागच्या अंगणात गेले. नगरपालिकेच्या नोकरीतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, तरी सगळी गल्ली त्यांना हेडक्लार्कच म्हणायची. शेळी पत्र्याच्या छपराखाली पाला चघळत उभी होती. त्यांना बघून तिने नेहमीसारखी मान वरखाली हलवली. या सवयीमुळेच तिचं नाव होयबाई पडलं होतं. रोज सकाळी हेडक्लार्क तिला वर्तमानपत्रातला अग्रलेख वाचून दाखवत आणि संपादकाचं कुठे चुकलं ते समजावून सांगत. ती मान डोलवायची. कचेरीत त्यांच्या हाताखाली अकरा कारकून होते, पण त्यांतल्या एकानेही कधी इतक्या मनापासून मान डोलवली नव्हती. घरातल्या माणसांबद्दल तर बोलायलाच नको. खरं सांगायचं तर या शेळीवर त्यांचा फार जीव होता. फक्त तसं कुणी तोंडावर म्हटलं की ते घाईघाईने दुधाचा विषय काढत.

बायकोने शेळीच्या डोक्यावरचे केस बाजूला केले. उजवी बाजू गुळगुळीत होती. डाव्या बाजूला मात्र दीड बोट लांबीचा, चपटा, वेडावाकडा खुंट वर आला होता. शिंग म्हणावं तर तो बोट लावल्यावर हलत होता, आणि शिंग नाही म्हणावं तर त्याचं टोक वळून सरळ शेळीच्या डोळ्याच्या दिशेने निघालं होतं.

“लहानपणी तुम्हीच डागली होती ना दोन्ही बाजूंची?” बायकोने विचारलं.

“पूर्ण डागली होती,” हेडक्लार्क म्हणाले आणि आभाळाकडे बघू लागले. आभाळात बघण्यासारखं काहीही नव्हतं.

इथे हेडक्लार्कांचं एक गुपित फोडणं भाग आहे. करडू आठवड्याभराचं असताना त्याच्या शिंगांचे कोंब तापल्या लोखंडाने डागले की पुढे शिंगं येत नाहीत. मात्र लोखंड दहा आकडे मोजून होईपर्यंत धरून ठेवावं लागतं. उजव्या बाजूला हेडक्लार्कांनी व्यवस्थित दहा मोजले. डाव्या बाजूला करडाने असा काही टाहो फोडला, की हेडक्लार्क एक, दोन, तीन, चार म्हणाले आणि एकदम ‘दहा!’ असं ओरडून मोकळे झाले. तीस वर्षांत एकही आकडा इकडचा तिकडे न केलेल्या माणसाने त्या दिवशी पाच ते नऊ गिळून टाकले. वर डायरीत शेरा लिहिला, ‘दोन्ही बाजू पूर्ण.’ आता त्या गिळलेल्या पाच आकड्यांना दोन वर्षांनी कोंब फुटला होता.

एवढ्याने भागलं असतं तरी ठीक होतं. पण शहराच्या हद्दीत शेळी पाळायची तर दरवर्षी परवान्याचं नूतनीकरण करावं लागे, आणि त्याचा अर्ज असे नमुना क्रमांक सतरा. त्यातला नववा प्रश्न होता: ‘जनावरास शिंगे आहेत काय? आहेत / नाहीत. (नको ते खोडावे.)’ ‘आहेत’ राहिलं, तर जनावर आठ दिवसांच्या आत हद्दीबाहेर. खाली बारीक अक्षरात टीप होती: ‘उत्तरास स्पष्टीकरण जोडल्यास अर्ज फेटाळण्यात येईल.’

हा नमुना सतरा कुणी तयार केला होता? हेडक्लार्कांनीच. बरीच वर्षं झाली त्याला. एका बोकडाने मुख्याधिकाऱ्यांच्या स्कूटरची सीट शिंगाने फाडून आतला सगळा फोम बाहेर काढला होता, आणि दुसऱ्याच दिवशी ‘शिंगांचा बंदोबस्त करा’ असा हुकूम सुटला होता. त्या वेळी हेडक्लार्कांनी शेळी फक्त दुधाच्या रूपात पाहिली होती. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. पण नमुना इतका आटोपशीर झाला होता की मुख्याधिकाऱ्यांनी त्यांची पाठ थोपटली होती. ती तळटीप तर हेडक्लार्कांना आपल्या मुलांपेक्षाही देखणी वाटायची. मुलांनाही हे माहीत होतं.

तपासणीला निरीक्षक यायला पंधरा दिवस होते.

पहिल्या दिवशी हेडक्लार्कांनी किल्लीवाल्याकडून कानस आणली, शेळीला दोन गुडघ्यांत धरलं आणि खुंटाचं टोक घासायला सुरुवात केली. शेळीला ते भयंकर आवडलं. ती डोळे मिटून त्यांच्या अंगावर रेलली. तासाभराने हेडक्लार्कांची पाठ धरली, अंगणात केस जळल्यासारखा वास सुटला, आणि मोजपट्टी लावून पाहिली तर खुंट जिथल्या तिथे. त्यांनी वहीत नोंद केली. पाचव्या दिवशी तर तो दोन मिलिमीटरने वाढलेला निघाला. मग लक्षात आलं, की आदल्या दिवशी सरळ मोजलं होतं आणि आज वळणावरून. त्यांनी पद्धत ठरवून घेतली, चार दिवसांच्या नोंदी लाल शाईने दुरुस्त केल्या आणि प्रत्येक दुरुस्तीखाली सही केली. खुंटाच्या तब्येतीवर याचा काडीचाही परिणाम झाला नाही.

तोवर गल्लीत बातमी पसरली होती. आपल्या गल्लीत एखाद्याला ताप आला तर दोन माणसं विचारपूस करतात, पण शेळीला शिंग आलं म्हटल्यावर सगळेच तज्ज्ञ निघाले. कुणी म्हणालं, बुडाशी घट्ट रबर बांधा, आपोआप गळून पडेल. कुणी म्हणालं, तेल चोळा, मऊ पडेल. इस्त्रीवाला म्हणाला, “इस्त्री देऊ का?” त्याला नेमकं काय सुचवायचं होतं ते कुणी विचारलं नाही. शेजारचे ड्रायव्हरकाका मात्र बोलून थांबणाऱ्यांतले नव्हते. छत्तीस वर्षं बस चालवलेला माणूस. कुठलीही अडचण समोरून जोरात गेल्याशिवाय सुटत नाही अशी त्यांची श्रद्धा होती. ते लोखंड कापायची करवत घेऊनच आले.

“साहेब, तुम्ही फक्त मागचे पाय धरा. दोन हात मारतो. खटका पडायच्या आत काम तमाम!”

“कुणाचं काम तमाम?” हेडक्लार्कांची बायको दारात उभी राहून म्हणाली. हातात पळी होती. “करवत माझ्या अंगणात येणार नाही, काका. आली तर परत जाणार नाही.”

“अहो वहिनी, नख कापल्यासारखंच असतं ते.”

“मग आधी तुमचं कापून दाखवा.”

ड्रायव्हरकाकांनी करवत पाठीमागे लपवली, पण विचार सोडला नाही. दोन दिवसांनी, म्हणजे तपासणी सोमवारवर येऊन ठेपलेली असताना, शनिवारी सकाळी वहिनी बाजारात गेल्याची खात्री करून ते पुन्हा आले. “साहेब, पलीकडे दातांचे डॉक्टर आहेत की! दाढ काढतो त्याला शिंग काय जड? दोन्ही डोक्यातच असतं ना?”

एरवी हेडक्लार्कांनी असल्या तर्काला भीक घातली नसती. पण अडला हरी गाढवाचे पाय धरी. जनावरांचा सरकारी दवाखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला होता, आणि तिथल्या डॉक्टरबाई पहिला प्रश्न विचारणार, ‘डागताना किती वेळ धरलं होतं?’ हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते मुकाट्याने शेळीचा दोर हातात घेऊन निघाले.

दातांच्या डॉक्टरांकडे गाल सुजलेल्या एक बाई नंबर लावून बसल्या होत्या. शेळी आत आलेली बघून डॉक्टर खुर्चीवरून उठले.

“साहेब, मी माणसांचे दात बघतो.”

“आधी तिचं करा हो डॉक्टर,” गाल सुजलेल्या बाई घाईघाईने म्हणाल्या. “मुकं जनावर आहे. मला काही घाई नाही. मी उद्यासुद्धा येईन.”

डॉक्टर मूळचे भिडस्त. शिवाय हेडक्लार्कांनी एकदा त्यांची पाटी लावायची परवानगी वेळेत काढून दिली होती. “मुळाला हात लावणार नाही,” ते म्हणाले. “इंजेक्शनही देणार नाही. फक्त टोक घासून बोथट करतो. डोळ्याला लागायला नको, एवढंच.” हा अख्ख्या पंधरवड्यातला सर्वांत शहाणा विचार होता, आणि तो नेमका दातांच्या डॉक्टरला सुचला होता. त्यांनी शेळीच्या गळ्यात निळा कागदी रुमाल बांधला, हातमोजे चढवले आणि सवयीने म्हणाले, “आ करा.”

शेळीने मान डोलवली. डॉक्टरांनी यंत्र सुरू केलं. घुर्र असा आवाज झाला मात्र, शेळीने जमिनीवरून जी उडी मारली ती थेट रुग्णाच्या खुर्चीत. तिला धरायला ड्रायव्हरकाका धावले आणि त्यांचा पाय सवयीने खालच्या खटक्यावर पडला. खुर्ची वर जाऊ लागली.

“ब्रेक कुठाय याचा?” काका ओरडले आणि खटका आणखी जोरात दाबू लागले.

होयबाई एखाद्या पाहुणीसारखी ऐटीत वर वर चालली होती. तेवढ्यात समोर दिवा आला. तिने दिव्याकडे रोखून पाहिलं, मान खाली घातली आणि धडक दिली. टक् असा आवाज आला. खुंट अर्धा तुटून कातडीला लोंबकळू लागला आणि डोक्यावरून रक्ताचा एक बारीक ओघळ कानावर आला. ओघळ करंगळीएवढाच होता.

“र... रक्त,” हेडक्लार्क म्हणाले, आणि जमिनीवर आडवे झाले.

शुद्धीवर आले तेव्हा ते स्वतः खुर्चीत होते. निळा रुमाल त्यांच्या गळ्यात होता, आणि गडबडीत कुणीतरी त्यांच्याच तोंडात कापूस भरून ठेवला होता. शेळी खाली शांत उभी होती. गाल सुजलेल्या बाई आपली दाढ विसरून दोन्ही हातांनी तिच्या डोक्यावर फडकं दाबून बसल्या होत्या आणि सगळ्यांना हुकूम सोडत होत्या. “कॉर्नफ्लोअर आणा कुणीतरी! रक्त थांबतं त्याने. नुसते बघता काय?” बाजारातून परतताना गलका ऐकून हेडक्लार्कांची बायको पिशवी पायरीवर टाकून, तिच्यातला कॉर्नफ्लोअरचा डबा घेऊन धावत आत आली. तिने मूठभर पीठ शेळीच्या जखमेवर दाबलं. ड्रायव्हरकाकांकडे तिने एकदाच पाहिलं, आणि काका लगेच खिडकीबाहेरच्या रहदारीवर लक्ष ठेवू लागले.

रक्त थांबलं. हेडक्लार्कांनी तोंडातला कापूस काढला. शेळीचा एक कान लाल झालेला, डोकं पिठाने पांढरं, आणि अशा अवस्थेतही ती त्यांच्याकडे बघून मान डोलवत होती. ते त्यांना सहन झालं नाही.

“चारला उचललं,” ते म्हणाले.

“काय चारला उचललं?” बायकोने विचारलं.

“लोखंड. तोंडाने दहा म्हणालो, पण चारला उचललं. ती ओरडत होती गं. माझ्याच्याने होईना.”

“आणि हे दोन वर्षांनी सांगताय?”

“तूच तर धरून बसली होतीस तिला. मला वाटलं, तुला दिसलं असणार.”

“मला काय दिसतंय! मी डोळे मिटून बसले होते!”

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही आलं. ते तिने पदराने एकदमच पुसलं. “चला,” ती म्हणाली, “आता तरी त्या डॉक्टरबाईंकडे चला.”

जनावरांच्या डॉक्टरबाईंनी लोंबकळणारा तुकडा काढला, जखम धुतली, पट्टी बांधली आणि मग हेडक्लार्कांना उभ्या उभ्या झापलं. “हे शिंग नव्हेच. डागताना कडेला कोंबाचा अंश राहतो, त्याची ही वेडीवाकडी वाढ. कवटीला घट्ट बसत नाही, म्हणून हलते, आणि कुठे धडक बसली की अशी तुटते. मूळ आत आहे. पुन्हा येईल.”

“मुळासकट काढता येणार नाही का? सोमवारच्या आत?” हेडक्लार्कांनी विचारलं.

“का? सोमवारी तिचं लग्न आहे? कवटीवरचं मोठं काम आहे ते. एका खुंटापायी कशाला हवेत तिचे हाल? महिन्यातून एकदा टोक कानशीने घासत जा. कोवळं, गुलाबी दिसू लागलं की थांबायचं, तिथून पुढे रक्त असतं. टोक डोळ्याकडे वळू द्यायचं नाही. एवढं केलंत की झालं. किती वेळ धरलं होतं डागताना?”

“चार,” हेडक्लार्क म्हणाले. एकदा सांगून झाल्यावर दुसऱ्यांदा ते इतकं जड गेलं नाही.

डॉक्टरबाईंनी प्रमाणपत्र लिहून दिलं: ‘शिंग नाही. शिंगाचा अपुरा खुंट. काढू नये. नियमित निगा राखावी.’ ते हातात पडताच हेडक्लार्कांना आनंद झाला, आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरता तो मावळलाही. कारण प्रमाणपत्र म्हणजे स्पष्टीकरण, आणि स्पष्टीकरण जोडल्यास अर्ज फेटाळण्यात येईल. अंगणातल्या रिकाम्या छपराचं चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. रविवारी त्यांनी अग्रलेख वाचलाच नाही. नुसते शेळीजवळ स्टूल टाकून बसून राहिले.

सोमवारी निरीक्षक आले. हे एकेकाळी हेडक्लार्कांच्या हाताखाली सर्वांत धाकटे कारकून होते. अजूनही साहेबांसमोर बसताना खुर्चीच्या कडेवर बसत. त्यांनी नमुना सतरा काढला, आठ प्रश्न भरले आणि नवव्याशी थांबले.

“साहेब, पट्टीखाली काय आहे?”

हेडक्लार्कांनी प्रमाणपत्र पुढे केलं. निरीक्षकांनी ते वाचलं, मग खालची टीप वाचली, आणि प्रमाणपत्र अदबीने परत केलं. “साहेब, हे जोडलं तर फेटाळावं लागेल. तुम्हीच शिकवलंत.”

“हो.”

“एका शब्दात सांगायचं. आहेत की नाहीत?”

पट्टीखाली त्या घडीला नखाएवढा खुंट होता. ‘आहेत’ खोडलं तर कुणी पट्टी सोडून बघणार नव्हतं. निरीक्षकांनी स्वतःचं पेन त्यांच्या हातात दिलं आणि ते उठून भिंतीवरचं कॅलेंडर बारकाईने पाहू लागले. कॅलेंडर गेल्या वर्षीचं होतं. बायको दारात उभी होती. हेडक्लार्कांनी पेन टेकवलं. ‘दोन्ही बाजू पूर्ण’ असं एकदा लिहून झालं होतं; त्यापायी जनावराच्या डोक्यातून रक्त आलं होतं. पुन्हा तसलंच खोटं लिहायला त्यांचा हात वळेना. त्यांनी ‘आहेत’ खोडलं. मग ‘नाहीत’ खोडलं.

निरीक्षक वळले. “साहेब! दोन्ही खोडलं तर प्रश्नच राहत नाही.”

“प्रश्नच चुकलाय,” हेडक्लार्क म्हणाले. “तिसरी गोष्टही असते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी शेळी पाहिली नव्हती कधी. नमुना चुकलाय. मी चुकलोय.”

साहेब चुकले, हे वाक्य निरीक्षकांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं असावं. ते उभेच राहिले. मग निरीक्षक हळूहळू, वर्गात धडा म्हणून दाखवावा तसे म्हणाले, “नमुन्यात चूक असल्यास... दुरुस्तीचा प्रस्ताव तीन प्रतींत सादर करावा.”

“आणि प्रस्तावावर निर्णय होईपर्यंत,” हेडक्लार्क म्हणाले, आणि बोलता बोलता त्यांचा चेहरा बदलू लागला, “निर्णय होईपर्यंत चालू परवाना जसाच्या तसा कायम.”

दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

“नमुना अकराच्या दुरुस्तीचं काय झालं रे?”

“तुम्ही पाठवली होती ती? फिरतेय अजून. मागच्या महिन्यात लेखा शाखेत दिसली होती. एकोणीस वर्षं झाली, साहेब.” निरीक्षक पुन्हा खुर्चीत बसले, या खेपेला चांगले मागे टेकून. “वहिनी, शेळी किती वर्षं जगते हो?”

“डॉक्टरबाई म्हणाल्या, चांगली निगा राखली तर बारा-तेरा.”

त्या आठवड्यात हेडक्लार्कांनी प्रस्ताव लिहिला. हयातभर कागदी घोडे नाचवले होते, पण असा घोडा कधी सजवला नव्हता. पार्श्वभूमी अकरा पानांची, परिशिष्टं सात, मोजमापांची वही लाल शाईतल्या दुरुस्त्यांसह जोडलेली, आणि पाच शाखांचे अभिप्राय मागवावेत अशी नम्र विनंती. बायकोने चहा आणून दिला आणि तो गठ्ठा चाळला.

“अहो, फार छान लिहिलंय हो. चुकून लगेच मंजूर झालं तर?”

हेडक्लार्कांनी तिच्याकडे पाहिलं. तिचं म्हणणं अगदीच बिनबुडाचं नव्हतं. अलीकडे कचेरीत काही तरुण माणसं आली होती. त्यांनी तिन्ही प्रती पुढे ओढल्या आणि पानापानावर सही करायला घेतली. तीस वर्षांत त्यांची एकही सही कुठे राहिली नव्हती. चौथ्या पानावर आल्यावर त्यांनी पेन उचललं, घटकाभर विचार केला, आणि सही न करता पान उलटलं.